यंत्रांचा आरंभ आणि त्यांतील विघ्नें

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई या शहरांचा वीजपुरवठा एकाएकीं बंद पडला. लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, रस्त्यांवरचे सिग्नल विझले, इस्पितळांनीं आपापलीं डिझेल-जनित्रें सुरू केलीं आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. त्या सकाळच्या निवेदनांत दोन उपकेंद्रांचीं नांवें आलीं. एक कळवा आणि दुसरें खारघर. पडघे ते कळवा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांनीं साथ सोडल्यावर महानगराचा भार पुण्याहून खारघरला येणाऱ्या वाहिनीवर पडला, आणि तीहि तो पेलूं शकली नाहीं.

वीज कां गेली याची चौकशी पुढें रीतसर झाली. परंतु त्या सकाळीं नियंत्रणकक्षांत बसलेल्या अभियंत्यांपुढें याहून निकडीचा असा दुसराच प्रश्न उभा होता. गेलेली वीज पुन्हां आणावयाची कशी? घरांतला दिवा बटण दाबतांच लागतो, म्हणून शहरहि तसेंच लागत असेल अशी सामान्य नागरिकाची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांत बॉयलरला पाणी पुरविणारे पंप, हवा फुंकणारे पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या हीं सर्व विजेवरच चालतात. म्हणजे वीज निर्माण करण्यास आधीं वीज हवी. आणि जाळें तर सगळें मेलेलें. मग ती पहिली वीज आणावयाची कोठून?

हा पेच एकट्या विजेचा नाहीं. ज्या खारघरचें नांव त्या दिवशीं बातम्यांत आलें, त्याच खारघरच्या रेल्वे स्थानकासमोर रेनट्री मार्गावर सी-डॅक या राष्ट्रीय संगणकसंस्थेचें केंद्र आहे. या संस्थेची मुंबई शाखा म्हणजे पूर्वींचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होय. १९८५ सालीं स्थापन झालेलें हें केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परंपरेंतून निघालें, आणि डॉ. श्रीनिवासन रमणी यांनीं त्याचें संचालकपद भूषविलें. २००५ पूर्वीं इंटरनेटवरील भारताच्या ‘डॉट इन’ या नांवांची नोंदवही याच केंद्राकडे असे. खारघरच्या एका बाजूस महापे, रबाळे आणि ऐरोली, तर दुसऱ्या बाजूस पनवेल. या पट्ट्यांत आज संगणकांचीं मोठमोठीं कोठारें, म्हणजे डेटा सेंटरें, उभीं आहेत. या कोठारांतील सर्व्हर माणसाच्या हाताशिवाय आपोआप सुरू होतात, आणि कधीं कधीं सुरू होतां होतांच बंद पडतात. त्यांचा पेच आणि त्या सकाळचा वीजकेंद्रांचा पेच हे मुळांत एकच आहेत.

आपल्या न्यायशास्त्रांत तर्काचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था हे चार प्रसिद्ध आहेत. एखादी गोष्ट सिद्ध होण्यास तिचाच आधार लागला तर तो आत्माश्रय. दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर उभ्या केल्या तर तो अन्योन्याश्रय. हाच आधार तीन-चार गोष्टींतून फिरून मूळ ठिकाणीं परत आला तर तें चक्रक, आणि आधारांची माळ कोठेंच संपली नाहीं तर ती अनवस्था. पंडितांनीं हे दोष वादसभेसाठीं सांगितले. परंतु यंत्रांच्या आरंभासहि ते तंतोतंत लागू पडतात. कोणतेंहि यंत्र शून्यांतून सुरू होत नाहीं. तें आधींच सुरू असलेल्या कशावर तरी टेकून उठतें. तें उठेनासें झालें, कीं तें कशावर टेकत होतें हें शोधणें हीच त्याची चिकित्सा.

विजेच्या बाबतींत मुंबईची पुण्याई शंभर वर्षांपूर्वींची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून टाटांनीं १९१५ सालीं खोपोली, १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा येथें जलविद्युत्-केंद्रें चालू केलीं. अशा केंद्राला आरंभासाठीं फारच थोडें लागतें. बॅटऱ्यांच्या बळावर झडप उघडली, कीं उंचावरून येणारें पाणी चक्र फिरवूं लागतें. पाणी विजेवर टेकलेलें नसतें. तें डोंगरावर टेकलेलें असतें. तेथून निघालेली वीज तारेनें मोठ्या केंद्रापर्यंत न्यावयाची, तेथील पंप-पंखे चालवावयाचे, आणि पुढें हळूहळू, मोजून मापून, एकेक विभाग जोडीत जावयाचें. वीजशास्त्रांत या कृतीस ब्लॅक स्टार्ट असें नांव आहे. १२ ऑक्टोबरला टाटांचे तीन जलविद्युत् संच आणि ट्रॉम्बेचे संच याच कामीं लागले, आणि दोन-अडीच तासांत लोकल गाड्या पुन्हां धावूं लागल्या.

त्याच दिवशीं एक स्वयंचलित योजना मात्र फसली. बाहेरचें जाळें कोसळूं लागलें, कीं मुंबईनें आपोआप वेगळें होऊन स्वतःच्या केंद्रांवर बेटाप्रमाणें उभें राहावें, अशी व्यवस्था १९८१ पासून होती. तिनें पूर्वीं अनेकदां शहराला वांचविलेलेंहि होतें. परंतु बेट टिकावयाचें तर बेटावरची निर्मिति आणि मागणी यांचा मेळ बसावा लागतो. त्या सकाळीं शहराच्या आंतील निर्मिति मागणीच्या मानानें बरीच तोकडी होती. त्यामुळें बेट निर्माण होतांच बुडालें. स्वयंचलित आरंभाच्या इतिहासांत ही गोष्ट वारंवार दिसते. योजना आंखतांना ज्या आधारावर ती उभी केली, तो आधार मागाहून न कळत खचतो. आणि योजनेची गरज पडेपर्यंत तें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आतां संगणकाकडे वळावयास हरकत नाहीं. संगणकाची अडचण अशी, कीं तो आज्ञावलीशिवाय कांहींच करूं शकत नाहीं. आणि आज्ञावली वाचून स्मृतींत भरणें हें कामहि एखाद्या आज्ञावलीनेंच करावें लागतें. हा शुद्ध आत्माश्रय होय. इंग्लंडांत केंब्रिज येथें ६ मे १९४९ रोजीं एड्सॅक हा संगणक प्रथम चालला, तेव्हां डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकानें ही गांठ सोडविली. टेलिफोन-केंद्रांत असतात तशा फिरत्या खटक्यांवर त्यानें अवघ्या ३१ आज्ञा तारांनीं पक्क्या बसविल्या. बटण दाबलें कीं त्या आज्ञा स्मृतींत उतरत, मग त्याच कागदी फीत वाचूं लागत, आणि फितीवरची मोठी आज्ञावली आंत येई. येथें आधार होता तो तारांचा, म्हणजे डोंगरावरच्या पाण्यासारखा. दुसऱ्या कोणत्याहि आज्ञावलीवर न टेकलेला.

अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीनें १९५२ सालीं जाहीर केलेल्या ७०१ या यंत्रावर यासाठीं स्वतंत्र बटण होतें. तें दाबलें असतां पहिला शब्द वाचला जाई, आणि तो शब्द पुढच्यांना आंत ओढी. आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलणें अशी एक हास्यास्पद कल्पना त्या देशांत रूढ होती. तिच्यावरूनच या क्रियेला ‘बूट’ हें नांव पडलें, आणि आज खारघरच्या कचेरींतला कारकूनहि संगणक ‘बूट झाला नाहीं’ असें सहज म्हणतो. आपल्याकडील दृष्टांत याहून जुना आहे. डोंबारी कितीहि कुशल झाला तरी स्वतःच्या खांद्यावर चढूं शकत नाहीं.

मुंबईंतहि त्याच काळांत असें यंत्र घडत होतें. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखालीं तरुण अभियंत्यांनीं १९५६ सालीं एक प्रायोगिक संगणक, आणि १९६० च्या फेब्रुवारींत पूर्ण संगणक चालू केला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृति होती १,०२४ शब्दांची. १९६२ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें टिफ्रॅक असें नामकरण झालें. अशा यंत्राजवळ माणूस सतत उभा असे. तें सुरू झालें नाहीं तर फीत कोठें अडकली, कोणती नळी विझली, कोणता दिवा लागला नाहीं, हें त्याला डोळ्यांनीं दिसे. आरंभ माणसाच्या हातांत असल्यामुळें आरंभाचा साक्षीदारहि माणूसच असे.

पुढील साठ वर्षांचा इतिहास हा हात हळूहळू मागें सरण्याचा इतिहास आहे. प्रथम तारांतल्या आज्ञा छोट्या चिपांत गेल्या. मग एकाच यंत्राचे आज्ञावलीच्या युक्तीनें अनेक भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकाप्रमाणें चालविण्याची कला आली. २००६ च्या ऑगस्टमध्यें ॲमेझॉन कंपनीनें असे भाग तासाच्या हिशेबानें भाड्यानें देण्यास आरंभ केला. हाच क्लाउड, आणि भाड्यानें मिळणाऱ्या अशा एकेका सर्व्हराला इन्स्टन्स म्हणतात. २००९ च्या मे महिन्यांत त्याच कंपनीनें ऑटो स्केलिंग सुरू केलें. गिऱ्हाइकांची गर्दी वाढली कीं नवे सर्व्हर आपोआप उभे राहावे, ओसरली कीं आपोआप मावळावे, आणि एखादा आजारी दिसला तर त्याला काढून त्याच्या जागीं दुसरा यावा, अशी ती योजना. भारत सरकारनें २०१४ सालीं मेघराज या नांवानें आपला क्लाउड सुरू केला. ॲमेझॉननें जून २०१६ मध्यें, आणि गूगलनें नोव्हेंबर २०१७ मध्यें मुंबईंत आपलीं केंद्रें उघडलीं. पनवेलजवळचें योट्टा हें प्रचंड डेटा सेंटर जुलै २०२० मध्यें, म्हणजे खारघरच्या वाहिनीनें साथ सोडण्यापूर्वीं अवघे तीन महिने, सुरू झालें. रेल्वेचें तिकीट, बँकेचा व्यवहार, इस्पितळाची नोंद, मुलांचा निकाल, हें सर्व आज अशाच स्वतः सुरू होणाऱ्या यंत्रांवर चालतें. म्हणून तीं सुरू कां होत नाहींत हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता उरलेला नाहीं.

असा सर्व्हर जन्माला येतांना पायरीपायरीनें काय घडतें तें पाहिलें म्हणजे त्याच्या विघ्नांचाहि उलगडा होतो. प्रथम नियंत्रक यंत्रणेकडे मागणी जाते. मागणाऱ्यास अधिकार आहे काय, त्याच्या वाट्याची मर्यादा संपली नाहीं ना, त्या केंद्रांत हव्या त्या आकाराची जागा शिल्लक आहे काय, हें ती तपासते. मग इमेज, म्हणजे आधीं तयार करून गोठवून ठेवलेला नमुना, डिस्कवर उतरविला जातो. डिस्क कुलूपबंद असेल तर किल्ली सांभाळणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेची परवानगी लागते. त्यानंतर जाळ्यांतील पत्ता मिळतो. मग कार्यप्रणाली बूट होते. ती उठतांच १६९.२५४.१६९.२५४ या ठराविक पत्त्यावर ‘मी कोण, माझें काम काय’ असें विचारते, आणि मिळालेली स्क्रिप्ट पहिल्या वेळीं चालविते. ती स्क्रिप्ट दूरच्या भांडारांतून सामान आणते, गुप्त शब्द मागविते, आणि अखेर गिऱ्हाइकांचें काम करणारा प्रोग्राम सुरू करते. शेवटीं हेल्थ चेक नांवाचा पहारेकरी बाहेरून हांक मारतो. उत्तर आलें तर सर्व्हर जिवंत; न आलें तर मृत. या एकाहि पायरीवर माणूस हजर नसतो, आणि प्रत्येक पायरी दुसऱ्या कोणत्या तरी चालू यंत्रणेवर टेकलेली असते.

यावरून अपयशाचे तीन प्रकार सहज पडतात. कांहीं सर्व्हर जन्मतच नाहींत, कांहीं जन्मतांच जातात, आणि कांहीं जिवंत असून मृत ठरतात. चिकित्सकाचें पहिलें काम म्हणजे हे तीन प्रकार वेगळे करणें. कारण तिघांचा पुरावा तीन निरनिराळ्या ठिकाणीं सांपडतो.

जो जन्मलाच नाहीं, त्याच्या पोटांत शोध घेण्यांत अर्थ नाहीं, कारण त्याला पोटच नाहीं. त्याची हकीकत मागणी करणाऱ्या यंत्रणेच्या नोंदवहींत असते. केंद्रांत जागा नाहीं, मर्यादा संपली, इमेज कोणी पुसून टाकली, अशा गोष्टी तेथें बहुधा स्पष्ट लिहिलेल्या आढळतात. किल्लीची परवानगी नसली तर मात्र नोंद फार मोघम असते. ‘अंतर्गत दोष’ इतकेंच लिहून सर्व्हर क्षणांत नाहींसा होतो. आणि खरें कारण सर्व्हरपाशीं नसून किल्लीच्या अधिकारपत्रांत असतें. माणसानें हातानें सुरू केलेला सर्व्हर चालतो आणि तोच आपोआप सुरू होत नाहीं, असें आढळलें तर हीच शंका प्रथम घ्यावी. माणसाला किल्ली दिलेली असते. त्याच्या वतीनें काम करणाऱ्या स्वयंचलित नोकराला ती द्यावयाची राहून गेलेली असते.

जो जन्मतांच गेला, त्याचा शेवटचा उद्गार कन्सोलच्या नोंदींत राहतो. डिस्कांच्या यादींत कोठें तरी नसलेल्या डिस्कचें नांव राहून गेलें असेल, तर कार्यप्रणाली तिची वाट पाहत अडून बसते. स्क्रिप्टची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यांत सामान बसवितांना ‘पुढें जाऊं काय?’ असा प्रश्न येतो, आणि उत्तर देणारें कोणी नसल्यामुळें ती तशीच ताटकळत राहते. लिहिणाऱ्यानें ती चालवून पाहिली तेव्हां तो स्वतः कीबोर्डपाशीं बसलेला होता. त्यानें न कळत ‘होय’ म्हटलें होतें. कधीं स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर लिहिलेली असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटीं डोळ्यांना न दिसणारें एक जास्तीचें चिन्ह राहतें. कधीं सर्व्हर ज्या आंतल्या जाळ्यांत ठेवला, तेथून बाहेरच्या भांडाराकडे जाणारी वाटच नसते. तर कधीं तें भांडारच त्या रात्रीं बंद असतें. काल शंभर वेळां चाललेला आरंभ आज चालत नाहीं, अशा वेळीं सर्व्हर बदललेला नसून त्याचा आधार बदललेला असतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. सर्व्हरला तयार होण्यास पांच मिनिटें लागतात आणि पहारेकऱ्याला दोनच मिनिटें थांबण्याची आज्ञा असते. पहारेकरी हांक मारतो, उत्तर येत नाहीं, तो सर्व्हर मृत म्हणून काढला जातो आणि त्याच्या जागीं दुसरा उभा राहूं लागतो. त्याचीहि तीच गत होते, तिसऱ्याचीहि तीच. रात्रभर सर्व्हर जन्मतात आणि मारले जातात, एकहि कामास येत नाहीं, आणि महिनाअखेर या सर्वांचें भाडें मात्र भरावें लागतें. न्यायशास्त्रांतील अनवस्थेचें इतकें खर्चिक उदाहरण क्वचितच सांपडेल.

या फेऱ्याचें खरें नुकसान पैशाचें नाहीं, पुराव्याचें आहे. आजारी सर्व्हर काढून टाकणारी यंत्रणा त्याच्याबरोबर त्याची डिस्क आणि डिस्कवरच्या नोंदीहि बहुधा नष्ट करते. पंचनामा होण्यापूर्वींच प्रेत दहन केल्यासारखें तें होय. म्हणून अनुभवी माणूस तेथें आल्यावर दुरुस्तीला हात घालीत नाहीं. तो आधीं हा फेरा थांबवितो. नवे सर्व्हर जुन्यांची जागा घेणार नाहींत अशी तात्पुरती आज्ञा तो देतो, एक मरणोन्मुख सर्व्हर बाजूला काढून ठेवतो, कन्सोलची नोंद वाचतो, आणि आंत शिरतां येत नसेल तर त्याची डिस्क सोडवून दुसऱ्या धडधाकट सर्व्हरला जोडतो व तेथून पहिल्या आरंभाचा लॉग वाचतो. मग त्याच इमेजनें, त्याच अधिकारानें आणि त्याच जाळ्यांत एकच सर्व्हर सुरू करून पाहतो. या तिहींपैकीं एक गोष्ट जरी वेगळी ठेवली तरी प्रयोग व्यर्थ जातो, कारण चूक बहुधा त्या वेगळेपणांतच दडलेली असते. शेवटीं तो विचारतो, कीं शेवटचा यशस्वी आरंभ केव्हां झाला, आणि तेव्हांपासून काय काय बदललें. या पद्धतींत चातुर्यापेक्षां धीराचाच भाग अधिक आहे. टिफ्रॅकजवळ उभा असलेला माणूस जें डोळ्यांनीं पाही, तें येथें नोंदींवरून पुन्हां उभें करावें लागतें. आणि नोंद जपून ठेवली नसेल तर तेंहि करतां येत नाहीं.

हें एकेका सर्व्हराचें झालें. ज्या यंत्रणेच्या आधारावर सगळेच सर्व्हर उठतात, तीच आडवी पडली तर काय होतें, याचींहि दोन उदाहरणें आतां इतिहासजमा झालीं आहेत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याकडून आज्ञा देतांना चूक झाली. काढावयाचे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले, आणि कंपनीच्या एस-थ्री या भांडाराची अनुक्रमणिका पूर्णपणें नव्यानें सुरू करावी लागली. ती अनेक वर्षांत तशी कधीं सुरू केलेलीच नव्हती. दरम्यान भांडार अफाट वाढलें होतें, त्यामुळें आरंभास अपेक्षेहून फार वेळ लागला. गंमत अशी, कीं ‘सेवा बंद आहे’ हें लोकांना कळविणारा फलकहि त्याच भांडारावर टेकलेला होता. म्हणून प्रारंभीं तो बदलतांच येईना.

दुसरें उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चें. महाराष्ट्रांत त्या दिवशीं नरकचतुर्दशी होती. भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं सव्वाबाराच्या सुमारास व्हर्जिनियांतील त्याच केंद्रांत डायनॅमो-डीबी या माहितीसाठ्याच्या नांवापुढचा पत्ता नोंदवहींतून नाहींसा झाला. दोन स्वयंचलित कारकून एकाच नोंदवहींत लिहीत होते. एक रेंगाळला आणि त्यानें जुनी नोंद नव्यावर लिहिली. दुसऱ्यानें ‘ही जुनी आहे’ म्हणून ती पुसली. पान कोरें राहिलें. नांवांची नोंदवही सांभाळणें किती जोखमीचें काम असतें, हें ‘डॉट इन’ची वही एके काळीं सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसांना निराळें सांगावयास नको. यंत्रणेला तें पान स्वतः भरतां येईना. माणसांनीं हातानें भरलें, आणि सुमारें तीन तासांत तो साठा पुन्हां दिसूं लागला.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण खरी कसोटी येथेंच लागली. नवे सर्व्हर उभे करणारी यंत्रणा आपल्या ताब्यांतील प्रत्येक भौतिक यंत्राशीं थोड्या थोड्या वेळानें एक करार नूतन करीत असे, आणि हें काम त्याच साठ्यावर टेकलेलें होतें. साठा दिसेनासा झाल्याच्या काळांत असंख्य करार मुदत संपून रद्द झाले. साठा परत येतांच सर्व करार एकदम नव्यानें करण्याची धडपड सुरू झाली. रांग इतकी वाढली, कीं एक करार पुरा होईपर्यंत त्याची मुदत टळे आणि तो पुन्हां रांगेच्या शेवटीं जाई. काम अहोरात्र चाले, पुढें मात्र कांहींच सरकेना. या अवस्थेंतून बाहेर काढणारी कोणतीहि ठरलेली रीत कंपनीपाशीं नव्हती, असें तिनें स्वतःच आपल्या निवेदनांत नमूद केलें आहे. अखेर भारतीय वेळेनें पावणेपांचच्या सुमारास अभियंत्यांनीं येणारें काम हातानें रोखलें आणि यंत्रणेचीं निवडक यंत्रें बंद करून पुन्हां चालू केलीं. सहाच्या सुमारास करार पुरे झाले.

त्यानंतर सर्व्हर जन्मूं लागले, पण त्यांना जाळें मिळेना. कारण जाळ्याची माहिती पोंचविणाऱ्या यंत्रणेपुढें तोंवर डोंगराएवढें काम सांचलें होतें. जाळें न मिळालेल्या या धडधाकट सर्व्हरांना पहारेकऱ्यानें मृत ठरविलें आणि कामांतून काढलें, जाळें पोंचलें कीं परत घेतलें, पुन्हां काढलें. शेवटीं माणसांनीं पहारेकऱ्याचा हा स्वयंचलित अधिकारच कांहीं वेळ काढून घेतला. सर्व सुरळीत होण्यास भारतांत रात्रींचे दोन वाजून गेले. लक्षांत ठेवण्यासारखें असें, कीं जे सर्व्हर विघ्नापूर्वींच सुरू होते, ते बहुतांशीं चालतच राहिले. बंद पडला होता तो फक्त आरंभ. ज्यांनीं गरजेपुरते राखीव सर्व्हर आधींच जागे ठेवले होते त्यांना झळ कमी लागली. ‘वेळ येईल तेव्हां आपोआप उभे राहतील’ यावर जे विसंबले त्यांना ती पुरेपूर लागली.

पांच वर्षांच्या अंतरानें घडलेल्या या दोन ऑक्टोबरांची तुलना उद्बोधक आहे. महामुंबईची वीज परत आली ती विजेवर न टेकलेल्या पाण्यामुळें, आणि एकेक विभाग मोजून जोडण्याच्या शिस्तीमुळें. व्हर्जिनियांतील क्लाउड परत आला तोहि यंत्रणेबाहेरच्या माणसांच्या हातानें, आणि गर्दी रोखून हळूहळू पुढें जाण्यानें. फरक आहे तो तयारींत. वीजशास्त्रानें आपला आत्माश्रय केव्हांच ओळखला आहे. अंधारांतून आरंभ करण्याची रीत तेथें लिहिलेली असते, आणि भारतीय वीजजाळ्याच्या संहितेनें तिच्या तालमीहि सक्तीच्या केल्या आहेत. क्लाउडचें वय अद्याप वीस वर्षांचें. त्यांत एकेका सर्व्हराच्या मृत्यूची तालीम होते. परंतु सर्वच बंद असतां पहिलें पाऊल कोणतें, हा प्रश्न विचारण्याची संवय अजून सर्वत्र रुळलेली नाहीं.

ज्या संस्थेचा कारभार अशा सर्व्हरांवर चालतो, मग ती बँक असो, इस्पितळ असो कीं विद्यापीठ, तिच्या चालकांनीं आपल्या अभियंत्यांना एक यादी मागावी हें इष्ट. आपला सर्व्हर उठतांना क्रमानें कशाकशावर टेकतो. त्यांतील कोणता आधार फिरून आपल्याचकडे येतो. आणि कोणता आधार डोंगरावरच्या पाण्यासारखा, कोणावरहि न टेकलेला आहे. ही यादी कागदावर असावी, आणि तो कागद त्याच सर्व्हरच्या पोटांत ठेवलेला नसावा. मग वर्षांतून एकदां तरी, शांत दिवशीं, मुद्दाम सर्व बंद करून त्या कागदावरून पुन्हां आरंभ करून पाहावा. पहिल्या तालमींत तो बहुधा फसेल. परंतु तो माणसांच्या डोळ्यांदेखत फसेल, नोंदी जागेवर असतील, आणि इस्पितळाच्या दारांत कोणी खोळंबलेलें नसेल.